मुंबई ते लंडन जाताना ५ तास आणि येताना साडेतेरा तास? बाबांशी पैज लागलीय, कोणीतरी समजावून सांगा

अमळनेरचा_पोऱ्या

राम राम मंडळी. घरात आठ दिवसांपासून एकच विषय चालूय, म्हटलं इथे विचारून टाकू.

बहीण आणि दाजी लंडनला असतात, तीन वर्षं झाली. आईबाबा जूनमधे पहिल्यांदाच चाललेत, म्हणजे पहिल्यांदाच लंडन आणि पहिल्यांदाच विमान. तिकीट दाजींनी तिकडूनच काढलं, व्हॉट्सॲपवर पाठवलं, मी प्रिंट काढून बाबांच्या हातात दिली आणि तिथेच चुकलं. बाबा ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या हातात कुठलाही वेळेचा कागद आला की ते निघायची वेळ, पोचायची वेळ, अंतर, थांबे सगळं काढतात, लग्नपत्रिकेत मुहूर्त वाचून वरात किती वाजता निघायला पाहिजे हे सांगणारा माणूस.

तर तिकिटावर असं आहे. जाताना मुंबईहून दुपारी १.३० ला निघणार, लंडनला संध्याकाळी ६.३० ला पोचणार, तारीख तीच. येताना सप्टेंबरमधे लंडनहून रात्री ९ ला निघणार, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० ला. दोन्ही विमानं डायरेक्ट, मधे थांबा नाही. बाबांनी बोटावर हिशोब केला, जाताना ५ तास, येताना साडेतेरा तास. आणि जाहीर केलं की जावयाला फसवलंय, जाताना जलद गाडी आणि येताना साधी दिलीय आणि भाडं मात्र दोन्ही वेळेला जलदचंच घेतलंय.

मी म्हटलं बाबा टाइम झोन असतो, तिकडचं घड्याळ मागे असतं. ते म्हणे किती मागे. मी म्हटलं साडेपाच तास, शाळेत शिकलो होतो. तर ते म्हणे ५ अधिक साडेपाच म्हणजे जाताना साडेदहा तास, आणि येताना साडेतेरातून साडेपाच वजा केले तर ८ तास, म्हणजे तरी पण फरक आहेच ना, एकाच रस्त्याला अडीच तासाचा फरक कसा, मधे घाट आहे का. मग मी नेटवर शोधलं तर एक साइट म्हणे अंतर ७,२०० आणि विमानाला ८ तास, दुसरी म्हणे ४,४७५, तिसरी म्हणे ३,८९०. बाबा म्हणे तुझ्या नेटपेक्षा आमची एसटीची भाडेतालिका बरी होती.

पैज अशी लागलीय की मी म्हणतो दोन्ही बाजूला ८ तासच, ते म्हणतात तिकिटावर आहे तेच खरं. हरेल त्याने शेवभाजीची पार्टी. आई मधे बोलली की जाताना जास्तच लागेल, कुठेही जा, येताना रस्ता लवकर सरतो. तिला आम्ही दोघांनी गप्प बसवलं.

दुसरा प्रश्न पण आहे, अमळनेरहून मुंबई विमानतळ कसं गाठावं? जळगावहून विमान, रेल्वे की गाडी करून? बाबा ६८, आई ६३, आईचे गुडघे दुखतात.

खिडकीची_सीट

मी एका विमान कंपनीत ग्राउंडला ६ वर्षं होतो (मूळ पाचोरा, आता मुंबई), हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी यायचाच, त्यामुळे बाबांना हसू नका.

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. म्हणजे १.३० हे आपलं घड्याळ आणि ६.३० हे लंडनचं घड्याळ. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली की असंच होतं.

आता तू जिथे चुकलास ते. साडेपाच तास हा फरक हिवाळ्यातला. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडवाले सगळे आपापली घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. आपण भारतात काहीच करत नाही, त्यामुळे त्यांच्या उन्हाळ्यात फरक साडेचार तास होतो. आईबाबांचं जाणं जूनमधे, येणं सप्टेंबरमधे, दोन्ही वेळेला साडेचारच धरायचे.

मग हिशोब असा, जाताना ५ अधिक साडेचार म्हणजे साडेनऊ तास. येताना साडेतेरा वजा साडेचार म्हणजे ९ तास. अडीच तासाचा घोळ तुझ्या साडेपाचमुळे झाला होता, खरा फरक अर्ध्या तासाचा.

चोपड्याचे_गुरुजी

सेवानिवृत्त गणित शिक्षक. वडिलांना माझा नमस्कार सांगा, कंडक्टर मंडळींचा तोंडी हिशोब आमच्यापेक्षा पक्का असतो हे मी मान्य करतो.

त्यांना एक गंमत दाखवा, घड्याळाचा फरक माहीत नसला तरी चालतं. तिकिटावरचे दोन्ही वेळ जसे दिसतात तसे घ्या, ५ तास आणि साडेतेरा तास, आणि सरळ बेरीज करा. साडेअठरा. जाताना घड्याळ जेवढं लपवतं तेवढंच येताना जास्त दाखवतं, त्यामुळे बेरजेत ते आपोआप उडून जातं. साडेअठराचे निम्मे म्हणजे सव्वानऊ. हा एका बाजूचा सरासरी वेळ. आणि पडताळा बघा, वरच्या भाऊंनी सांगितलेले साडेनऊ आणि नऊ, बेरीज साडेअठराच.

फक्त अट एकच, जाण्या-येण्याच्या मधे तिकडच्या लोकांनी घड्याळ फिरवलेलं नको. समजा मुक्काम वाढला आणि परतीचं तिकीट नोव्हेंबरचं झालं तर एका तासाने बेरीज बिघडेल. मी मुलांना हे आगगाडीच्या उदाहरणात शिकवायचो, विमान तेव्हा चोपड्यात फक्त आभाळात दिसायचं.

केळीबाग_रावेर

एक बाळबोध प्रश्न, हसू नका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणजे लंडन स्वतःच आपल्याकडे सरकत येतंय. मग विमान वर गेलं की जाताना लवकर पोचायला पाहिजे. तुम्ही म्हणताय जाताना जास्त लागतो. उलटं कसं काय?

चोपड्याचे_गुरुजी

रावेरकर, तुम्ही बसमधे बसून केळं वर फेकलं तर ते मागच्या शिटावर पडतं का? नाही, तुमच्याच हातात येतं, कारण बसचा वेग त्या केळ्यातही असतो. पृथ्वीसोबत तिच्या वरची हवाही फिरते आणि त्या हवेत विमान उडतं. तसं नसतं तर हेलिकॉप्टर रावेरला नुसतं वर उभं केलं असतं आणि तासाभराने खाली गुजरातच्या पुढे समुद्र आला असता.

केळीबाग_रावेर

पटलं गुरुजी. पण फेकायला केळं का, भाव बघा आधी 😄

अमळनेरचा_पोऱ्या

गुरुजींचं बेरीज करून निम्मं करणं बाबांना फार आवडलं, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. म्हणे हे बरोबर, परतीच्या फेरीचा हिशोब असाच करायचा असतो. पण दोन गोष्टी अजून अडल्यात. एक, अर्धा तास तरी फरक का. दोन, ७,२०० किमीला ताशी ९०० ने ८ तास होतात, मी भागाकार करून दाखवला, मग साडेनऊ कसे लागतात. बाबा म्हणतात दीड तास कुठेतरी चहाला थांबत असणार आणि सांगत नाहीत.

खिडकीची_सीट

चहा वरच मिळतो, थांबत नाहीत 😄 आता नीट सांगतो, लांब होईल.

आधी ते तीन आकडे. तिन्ही बरोबर आहेत, एकके वेगळी आहेत. साधारण ७,२०० हे किलोमीटर, ४,४७५ हे मैल, आणि ३,८९० हे नॉटिकल मैल म्हणजे सागरी मैल, विमानवाले आणि जहाजवाले तेच वापरतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. साइटवाल्यांनी नुसता आकडा छापला आणि एकक बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात.

हे ७,२०० म्हणजे गोलावरचं कमीत कमी अंतर. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबईला एक बोट आणि लंडनला एक बोट ठेवून दोरा ताणून बघा, दोरा अरबस्तानावरून जात नाही, तो उत्तरेला चढतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेघ वाकडी दिसते आणि लोक म्हणतात पायलट वळसा घालून नेतो. वळसा नाही, तोच सरळ रस्ता.

पण या सरळ रस्त्याने आज कोणीच जात नाही. युक्रेनवरचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द एप्रिल २०२५ मधे बंद केली, त्याआधी २०१९ ला पण फेब्रुवारी ते जुलै बंद होती. इराणवरची सुद्धा जून २०२५ मधे काही दिवस बंद होती. दिल्लीच्या विमानांना याचा फटका जास्त बसतो, मुंबईहून निदान अरबी समुद्रावरून आखाताकडे निघता येतं. तरी दोरा ताणून मोजलेल्यापेक्षा चारपाचशे किमी सहज वाढतात आणि ते दिवसादिवसाला बदलतात. बाबांना सांग, पूल बंद असला की गाडी ज्या फाट्याने फिरवता त्यातलाच प्रकार, फक्त फाटा इथे तीन देशांएवढा असतो.

दुसरं, वारा. जमिनीपासून ९ ते १२ किमी वर, म्हणजे बरोबर विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. हिवाळ्यात तर काही ठिकाणी ताशी २०० किमीच्या वर जातो. आपली तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते ना, ही वरची नदी तिच्या उलटी, पश्चिमेकडून पूर्वेला. लंडनला जाणं म्हणजे या नदीत उलट्या धारेने जाणं आणि मुंबईला येणं म्हणजे धारेबरोबर. विमान हवेत ९०० नेच चालतं पण जमिनीच्या हिशोबाने समोरून ५० चा वारा असला तर ८५० पडतं, पाठीमागून असला तर ९५०. आता ७,६०० किमी धर, ८५० ने जवळपास ९ तास, ९५० ने ८ तास. इथे एक तासाचा फरक पडला. सगळीकडे सारखा वारा नसतो, हा नुसता समजायला हिशोब आहे.

मग तिकिटावर फरक अर्धाच तास का? कारण तिकिटावरचा वेळ उडल्यापासून उतरेपर्यंतचा नसतो. गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईला धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात वीस मिनिटं अर्धा तास आरामात जातो. आणि लंडनला हीथ्रोवर गर्दी एवढी की उतरायच्या आधी विमानांना हवेत गोल गोल फिरवत ठेवतात, त्यासाठी शहराच्या भोवती चार ठरलेल्या जागाच आहेत. हे सगळं धरून वर थोडी ढील देऊन कंपन्या वेळ छापतात, म्हणजे कधी कधी विमान वेळेच्या अर्धा तास आधी पोचतं आणि लोक पायलटचं कौतुक करतात.

म्हणून त्या साइटचे ८ तास म्हणजे नुसता भागाकार. त्यावर कुणाला घ्यायला जायची वेळ ठरवू नकोस.

लेवाची_लेक

म्हणजे काकू जिंकल्या की! जाताना जास्त लागेल असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या आणि दोघांनी त्यांना गप्प बसवलं. शेवभाजी आता दोघांनी मिळून करा आणि त्यांना बसवून वाढा.

मी फैजपूरची, चार वर्षं इंग्लंडला होते, सासूसासरे दोनदा येऊन गेले, त्यामुळे थोडं अनुभवाचं. आईबाबांना साडेनऊ तासांचा आकडा सांगितलात तरी अंगाला तो तसा जाणवत नाही. दुपारी दीडला निघून संध्याकाळी साडेसहाला उतरतील, जूनमधे लंडनला रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, आणि त्यांच्या शरीराच्या घड्याळात उतरताना रात्रीचे अकरा वाजलेले असतील. त्यात इमिग्रेशनची रांग, सामान, मग घरापर्यंत तास दीड तास. माझे सासरे पहिल्या दिवशी उजेड बघून म्हणाले अजून दिवस आहे, जेवण नंतर करू, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठून चहा मागायला लागले, आपल्याकडचे साडेसात ना. ताईला सांगा पहिले तीनचार दिवस असंच चालणार.

आईच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर आत्ताच तिकिटावर नोंदवून घ्या, पैसे लागत नाहीत. लाज वाटून घेऊ नका, मुंबईला आणि हीथ्रोला चालायचं अंतर एवढं असतं की आमच्या सासूबाई म्हणाल्या विमानापेक्षा पायीच जास्त आलो. आणि बसल्या जागी दर तासाभराने पाय हलवायचे, दोनदा उठून फेरी मारायची. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, आणि वेळ कसा धरायचा ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या कारण तो दिवस साडेअठ्ठावीस तासांचा होतो.

खाण्याचं पण सांगून ठेवते नाहीतर काकू डबे भरतील. तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काहीही इंग्लंडमधे आपल्याकडून नेता येत नाही, मटणाचंही नाही. आमचे ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ व्यवस्थित पोचलं. सुकं खोबरं मात्र टाकू नका, त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही, काळा मसाला इथेच वाटून न्या.

धुळेकर_आग्रारोड

काय भो, आते तं लंडन बी जवळ व्हई गयं, मुंबईच लांब ऱ्हायनी 😄

सगळे लंडनचं बोलताय पण खरा प्रवास अमळनेर ते अंधेरी आहे. हिशोब मांडा की. अमळनेर ते धुळे तीस-चाळीस किमी, धुळे ते मुंबई सव्वातीनशेच्या आसपास, म्हणजे साडेतीनशेच्या वर. गाडीने सात-आठ तास. वर विमानाच्या ३ तास आधी हजर, म्हणजे १.३० च्या विमानाला साडेदहाला दारात. वाटेत ट्रॅफिकचा भरोसा नाही म्हणून अजून दोन तास हातात ठेवा. झाले बारा तेरा तास. ७,२०० किमीला साडेनऊ तास आणि साडेतीनशे किमीला तेरा तास!!

गाडीनेच जायचं असेल तर आग्रा रोडने नाशिक, पुढे इगतपुरीहून समृद्धी धरा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो, त्यातच जवळपास ८ किमीचा बोगदा आहे. जूनमधे घाटात पाऊस, धुकं, कंटेनर बंद पडलेला, हे सगळं वाचतं. पण आमणेला उतरल्यावर भिवंडी ठाणे आहेच, तिथे समृद्धी संपते आणि आपली परीक्षा सुरू होते. आमच्या शेजारच्यांनी धुळ्याहून पहाटे तीनला निघून दुपारच्या दोनचं विमान धरलं, धरलं खरं पण शेवटचे वीस किमी त्यांच्या तोंडातून शब्द नव्हता.

माझं ऐकाल तर आदल्या दिवशी निघा आणि ठाण्याला नाहीतर अंधेरीला कोणाकडे मुक्काम टाका. पोरगी तिकडे वाट बघतेय, इथे घाई करून बीपी वाढवण्यात अर्थ नाही.

नंदुरबारी

आम्ही नंदुरबारवाले सुरतकडून विचार करतो, ताप्ती लाइनने सुरत जवळ पडतं. पण लंडनचं डायरेक्ट विमान तिकडून नाही मिळणार आणि अमळनेरहून उलटं पण पडेल. फक्त एक, अमळनेर त्याच लाइनवर आहे, खान्देश एक्सप्रेस भुसावळहून निघून अमळनेर, नंदुरबारमार्गे मुंबईच्या वेस्टर्नला जाते. ज्या दिवशी असेल त्या दिवशी बोरिवली-अंधेरी बाजूला उतरता येतं, सामान घेऊन पूल चढून लाइन बदलायची भानगड नाही. रोज नसते, आधी वार बघून घ्या.

लेवाची_लेक

जळगावच्या विमानाबद्दल राहिलं होतं. हौस म्हणून छान आहे. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किमी, आणि विमानाने सरळ मोजलं तर साधारण ३५५, पंख्याचं छोटं विमान, सव्वा तास. पण आपल्या विमानतळाचा इतिहास तुम्हाला माहीतच आहे. २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते उद्घाटन झालं, सरकारच्या उडान योजनेतून पहिलं विमान आलं डिसेंबर २०१७ ला, मग बंद, २०१९ ला परत सुरू, परत बंद, २०२४ ला पुन्हा सुरू. सुरू असतं तेव्हा सुद्धा रोज असेलच असं नाही, वेळापत्रक बदलत राहतं.

आमच्या नात्यातल्या एका काकांनी जळगाव-मुंबई वेगळं तिकीट आणि पुढचं परदेशाचं वेगळं तिकीट असं काढलं. सकाळी विमानतळावर गेले तर विमान रद्द, हवामान म्हणे. कोणती कंपनी ते जाऊ द्या, तिने तिकिटाचे पैसे परत दिले, पण पुढचं विमान गेलं ते गेलंच, कारण दोन वेगळी तिकिटं असली की पहिल्याच्या उशिराला दुसरी कंपनी जबाबदार नसते. काकांनी जळगावहून गाडी केली, नाशिक येईपर्यंत मुलगा फोनवर सांगत होता बाबा परत फिरा. ते फिरले नाहीत, म्हणे आता मुंबईचं तोंड तरी बघून येतो. नवं तिकीट चौथ्या दिवशीचं मिळालं.

तेव्हा जळगावच्या विमानाने जायचंच असेल तर आदल्या दिवशीचं घ्या. त्याच दिवशीचं अजिबात नको.

खिडकीची_सीट

वरच्याशी शंभर टक्के सहमत. वेगळ्या तिकिटांचं हे लोकांना रद्द झाल्यावरच कळतं, आणि तेव्हा काउंटरवर मी उभा असायचो, शिव्या मला.

रेल्वेने जायचं तर अमळनेरहून जळगाव किंवा चाळीसगावला येऊन रात्रीची गाडी धरा, पहाटे-सकाळी ठाण्याला उतरा, तिथून टॅक्सी. सीएसएमटीपर्यंत गेलात तर आता तिथून भुयारी मेट्रो थेट विमानतळाच्या टी-टूला म्हणजे टर्मिनल २ ला जाते, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लाइन सुरू आहे, पण दोन म्हाताऱ्या माणसांनी चार बॅगा घेऊन मेट्रोत जावं असं मी सांगणार नाही. पावसाळ्यात रात्रीची गाडी दोन तास लेट धरूनच चाला.

आणि एक, तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय, आता नुसतं मुंबई वाचून टॅक्सी करू नका, दोन्हीकडे जाणारे रस्ते वेगळे आणि मधे मुंबईचं ट्रॅफिक.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. बाबांच्या मोबाइलचं घड्याळ लंडनला उतरून नेटवर्क मिळालं की आपोआप बदलेल, पण मनगटावरचं बदलणार नाही, ते त्यांना आधीच सांगा.

अमळनेरचा_पोऱ्या

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकीट काढून बघितलं, विमानतळ जुनाच आहे, टी-टू. व्हीलचेअर दाजींनी काल रात्रीच नोंदवली. आदल्या दिवशी निघायचं ठरलंय, ठाण्याला मावशीकडे मुक्काम, तिथून सकाळी टॅक्सी. रेल्वेचं रिझर्व्हेशन झालं, चाळीसगावहून.

शेवभाजी काल झाली. बाबा आणि मी दोघं हरलो, केली मी, तिखट जास्त झाली, आईने काहीही न बोलता दोन भाकरी खाल्ल्या आणि ताट सरकवताना एवढंच म्हणाली की वाऱ्याचं मला माहीत नव्हतं, पण येताना रस्ता लवकर सरतो हे माहीत होतं.

मनगटावरच्या घड्याळाचं बाबांना सांगितलं. ते म्हणाले मी बदलणारच नाही, एका घड्याळात तरी अमळनेरची वेळ राहू दे, नाहीतर दूधवाला आला का नाही ते कसं कळेल. घराला कुलूप असणारे आणि दूध बंद करून ठेवलंय हे सांगून उपयोग नाही.

आणि रात्री जेवण झाल्यावर परत कागद पेन घेऊन बसले. एसटीचा भाड्याचा टप्पा ६ किमीचा असतो, ७,२०० भागिले ६, बाराशे टप्पे. वर बघून म्हणाले, बाराशे टप्पा जाईसन पोरीकडे आठ दिन नही राहसू, ते सप्टेंबरच बरोबर शे.